दुसरं झुंबर

एका जुन्या इंग्रजी हवेलीच्या दिवाणखान्यात दोन भाऊ दोन शिड्यांवर चढलेत. दोघांच्या मध्ये ताडपत्री ताणलेली, आणि तिच्या बरोब्बर वर शेकडो लोलकांचं झुंबर. झुंबराचा दांडा छतातून आरपार वरच्या मजल्यावर गेलेला. तिथे जमिनीच्या लाकडी फळ्या उचकटून यांचे आजोबा बसलेत, हातात हत्यारं घेऊन. काम सरळ आहे. आजोबांनी वरून नट सोडवायचा, झुंबर ताडपत्रीत उतरवून घ्यायचं, एकेक लोलक पुसायचा आणि पुन्हा चढवायचं. थोरला वर ओरडून सांगतो, आम्ही तयार आहोत. धाकट्याला बजावतो, घट्ट धर. वर ठोकाठोक सुरू होते. दोघे अंग आवळून भार येण्याची वाट बघतात.

आणि झुंबर पडतं. यांच्या डोक्यावरचं नाही. त्याच दिवाणखान्यात दुसरीकडे टांगलेलं, ज्याच्याखाली कोणीही उभं नाही, ते.

बीबीसीवर २ डिसेंबर १९८२ ला हे दृश्य पहिल्यांदा दिसलं. मालिका ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’, दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग. चाळीस वर्षं उलटली तरी ब्रिटनमध्ये विनोदी प्रसंगांची गोष्ट निघाली की हे झुंबर निघतंच. इंग्रजी न कळणारा माणूसही त्याला हसतो. पण का हसतो, हे बघायचं तर आधी नट-बोल्टकडे बघावं लागतं.

या प्रसंगात मूर्खपणा शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. शिड्या योग्य जागी आहेत, ताडपत्री पुरेशी मजबूत आहे. आजोबा आपलं काम चोख करतात; नट सोडवायला सांगितला होता, त्यांनी तो सोडवला. अडचण अशी की वरच्या खोलीत बोल्ट दोन आहेत. वरून खालचं दिसत नाही, खालून वरचं दिसत नाही. बांधकामावर काम केलेला कोणीही सांगेल, की अशा वेळी जिन्यात एक माणूस उभा करतात, फक्त इकडचा निरोप तिकडे द्यायला. इथे तो नाही, कारण धंदा तीनच माणसांचा आहे आणि तिघेही घरचेच. एका हवालदिल लॉर्डसाहेबांना झुंबरं साफ करून घ्यायची होती. आपण त्यातले जाणकार आहोत असं थोरल्याने ठोकून दिलं, आणि जाणकार कंपनीपेक्षा खूपच स्वस्तात काम घेतलं. त्या भावात चौथा माणूस बसत नव्हता. म्हणून झुंबर पडलं.

चित्रीकरणातही चुकायला जागा नव्हती. पाडायचं झुंबर खास बनवून घेतलेलं, खर्च सहा हजार पौंडांच्या घरात, आणि पाडणार एकदाच. धाकट्याचं काम करणारा निकोलस लिंडहर्स्ट हसला असता तर सगळं वाया. हसलास तर तुझी नोकरी गेली, असा दम निर्माता-दिग्दर्शक रे बटने त्याला आधीच भरला होता, असं लिंडहर्स्टने पुढे सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर जी भीती दिसते तिच्यात थोडी खरी असणार.

मूळ प्रसंगही खराच. लेखक जॉन सलिव्हनचे वडील प्लंबर होते. एका मोठ्या घरात कामाला गेलेल्या माणसांच्या हातून असंच झुंबर पडल्याची हकिकत त्यांनी मुलाला सांगितली होती. मुलगा पोट धरून हसला. वडील चिडले. हसण्यासारखं काय आहे, माणसांची नोकरी गेली त्यात, असं त्यांचं म्हणणं. सलिव्हनने ही दोन्ही मतं आयुष्यभर बरोबर वागवली असं मला वाटतं. ही मालिका टिकली ती त्याच्या हसण्यामुळे जेवढी, तेवढीच त्या वडिलांच्या चिडण्यामुळे.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दक्षिण लंडनमधला पेकम हा भाग. नगरपालिकेची उंच इमारत, बाराव्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट, लिफ्ट बहुधा बंद. इमारतीचं नाव ‘नेल्सन मंडेला हाउस’. मालिका सुरू झाली तेव्हा मंडेला रॉबेन बेटावर तुरुंगात होते. फ्लॅटमध्ये डेरेक ट्रॉटर उर्फ डेल बॉय (डेव्हिड जेसन), त्याचा बराच धाकटा भाऊ रॉडनी, आणि आजोबा. आई १९६४ सालीच गेली, बाप घर सोडून गेला. डेलने पोरवयात भावाला वाढवलं. ते उपकार तो दिवसातून तीनदा मोजून दाखवतो, आणि चौथ्यांदा खरोखर जीव टाकतो. रॉडनीकडे शालान्त परीक्षेचे दोन विषय उत्तीर्ण झाल्याची प्रमाणपत्रं आहेत, गणित आणि चित्रकला. घरातली शिक्षणाची सगळी इस्टेट एवढीच.

धंदा म्हणजे मिळेल तो माल घ्यायचा आणि बाजारात उभं राहून विकायचा. परवाना नाही, बिल नाही, कर नाही. मालिकेच्या नावामागे एक जुनी अमेरिकी म्हण आहे: कामं करावीत ती मूर्खांनी आणि घोड्यांनी. पहिल्या पर्वात शीर्षक-संगीत दुसऱ्याचं होतं आणि नावाचा अर्थ प्रेक्षकांना लागत नव्हता. म्हणून दुसऱ्या पर्वापासून सलिव्हनने स्वतः लिहिलेलं गाणं आलं, आणि शेवटी ते गायलंही त्यानेच. त्यात आयकर आणि व्हॅट या दोन्ही गोष्टींवर फुली मारलेली आहे. व्हॅट हा तेव्हा पोकळ शब्द नव्हता. १९७९ साली थॅचर सरकारने तो एका झटक्यात ८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर नेला होता. जानेवारी १९८२ मध्ये बेकारांचा आकडा तीस लाखांच्या वर गेला. ‘तुमचं नशीब तुम्ही घडवा’ असं सरकार सांगत होतं, आणि इकडे एक माणूस सुटकेस उघडून तेच करत होता.

ती सुटकेस नीट बघण्यासारखी आहे. रस्त्यावर माल मांडायला टेबल का नाही? टेबल घडी करायला वेळ लागतो. सुटकेस दोन सेकंदांत बंद होते, आणि बंद झाली की हातात सुटकेस घेतलेला माणूस कोणीही असू शकतो. रॉडनीचं मुख्य काम कोपऱ्यावर उभं राहून पोलीस दिसला की इशारा द्यायचं. त्यात तो अधूनमधून चुकतो, कारण मन लागत नाही. आपल्याकडच्या पथारीवाल्यांना महापालिकेची गाडी आली की काय करावं लागतं, ते आठवा. वेगळं काही नाही.

आणि माल? अगदी पहिल्याच भागात, ८ सप्टेंबर १९८१ ला, डेल पंचवीस ब्रीफकेस विकत घेतो. दिसायला झकास, कॉम्बिनेशन लॉकवाल्या. घासाघीस करून भाव पाडल्यावर कळतं, की एकही उघडत नाही. नंबर लिहिलेला कागद प्रत्येक ब्रीफकेसच्या आत आहे. सलिव्हनच्या विनोदाचा नकाशा या पहिल्याच सौद्यात आहे. माल खराब नसतो. बहुतेक वेळा तो चांगलाच असतो, फक्त त्याला एक गोष्ट कमी असते, आणि ती नेमकी जिथे हात पोचत नाही तिथे असते.

गाडीचंही तसंच. पिवळी, मळकी, तीन चाकांची व्हॅन, बाजूला न्यूयॉर्क, पॅरिस आणि पेकम ही तीन नावं एकाच ओळीत. तिला सगळे ‘रिलायंट रॉबिन’ म्हणतात, पण ती रॉबिन नव्हे. ती रिलायंट रीगल सुपरव्हॅन, रॉबिनच्या आधीची. रीगलचं उत्पादन १९७३ लाच थांबलं, म्हणजे डेलकडे ती पहिल्या भागापासूनच जुनीपुराणी आहे. तीन चाकं का, याला कारण आहे. ब्रिटनमध्ये सुमारे ४०६ किलोच्या आतलं तीनचाकी वाहन मोटरसायकलच्या लायसन्सवर चालवता येत असे आणि त्याचा रोड टॅक्सही कमी पडे. म्हणून बॉडी फायबरग्लासची, इंजिन ७०० सीसीच्या आसपास. ज्याला चारचाकीची ऐपत नाही पण पावसात भिजायचंही नाही, त्याची ही गाडी. पुढे एकच चाक असल्यामुळे वळणावर ब्रेक दाबला की ती कलंडण्याची भीती. या कंपनीच्या चारचाकी ‘किटन’वरून बंगळुरात ऐंशीच्या दशकात ‘सिपानी डॉल्फिन’ निघाली होती. ज्यांनी ती रस्त्यावर पाहिली असेल त्यांना फायबरची गाडी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

डेलच्या भाषेबद्दल दोन शब्द, कारण सबटायटल्समध्ये तिची माती होते. तो फ्रेंच शब्द वापरतो, सगळे चुकीच्या जागी. भेटताना ‘ओ रव्हुआर’ (निरोप घेतानाचा शब्द) म्हणतो आणि मोठ्या दिमाखात भाज्यांची नावं घेतो. समोरच्याला ते कळत नसल्यामुळे ते खपतं. कळणारा भेटला तर तो हसतो, पण डेलला वाटतं आपण छाप पाडली. ‘छान’ या अर्थी तो ‘कुश्ती’ म्हणतो. हा शब्द रोमानीतून, म्हणजे युरोपातल्या रोमा (जिप्सी) लोकांच्या भाषेतून, लंडनच्या बोलीत आल्याचं मानतात, आणि रोमानी ही मुळात आपल्या मराठी-हिंदीच्याच भाषाकुळातली, हजारेक वर्षांपूर्वी पश्चिमेला चालत गेलेली. ‘लव्हली जब्ली’ हे दुसरं पालुपद पन्नाशीच्या दशकातल्या एका संत्र्याच्या पेयाच्या जाहिरातीतलं. म्हणजे भाषाही याच्याकडे आली ती जुन्या बाजारातूनच.

आता पडण्याचा दुसरा प्रसंग. जानेवारी १९८९. डेलने आता शेअरबाजारातल्या पोरांसारखा पोशाख केलाय, हातात ब्रीफकेस. वाइन बारमध्ये तो मित्र ट्रिगरबरोबर उभा आहे. बारच्या काउंटरला कोपर टेकवून पलीकडच्या दोन मुलींकडे बघत तो ट्रिगरला सांगतो, जरा रुबाबात राहा. तेवढ्यात बारमन काउंटरची फळी उचलून बाहेर येतो आणि फळी उघडीच ठेवून जातो. डेल पुन्हा टेकायला जातो. तिथे काउंटर नाही.

सलिव्हनने हे एका वाइन बारमध्ये प्रत्यक्ष पाहिलं होतं, पण त्या माणसाने शेवटच्या क्षणी तोल सावरला होता. सलिव्हनला वाटलं, सावरला नसता तर? पुढचं काम डेव्हिड जेसनचं. माणूस पडायला लागला की तीन गोष्टी आपोआप होतात: नजर खाली जाते, हात पुढे येतो, गुडघे वाकतात. यातली एक जरी झाली तरी प्रेक्षकाला पडणं आधी कळतं आणि गंमत अर्धी होते. काउंटरमागे गादी टाकलेली होती. गादी टाकणं सोपं, शरीराला गप्प बसवणं अवघड. जेसन चेहऱ्यावरचा रुबाब न हलवता, मुलींच्या दिशेने बघत, कापलेल्या झाडासारखा आडवा जातो. खाली पोचेपर्यंत तो टेकलेलाच असतो.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, जी पहिल्यांदा बघताना सुटते. ट्रिगरला डेल पडलेला दिसतच नाही. तो वळतो तेव्हा शेजारचा माणूस नाहीसा झालेला असतो. गोंधळून तो दाराकडे बघतो, कुठे गेला म्हणून. डेल उठतो, कपडे झटकतो आणि म्हणतो, चल, संपव ग्लास, निघू या. पडण्यापेक्षा हे उठणं मोठं आहे. कोणाला दिसलं नाही तर ते घडलंच नाही, एवढ्या एका भरवशावर डेलचं सगळं आयुष्य चाललेलं आहे.

स्टुडिओतले भाग जिवंत प्रेक्षकांसमोर होत, आणि हशा वेळ खातो. सलिव्हनच्या संहिता तशाही लांब असत. अर्ध्या तासात बसवायला दरवेळी काही ना काही कापावं लागे. आधी कापले जायचे ते शांत तुकडे, कारण त्यांना हशा नसतो. म्हणून १९८९ च्या पर्वापासून भाग पन्नास मिनिटांचे झाले. वीस मिनिटं वाढली ती विनोदासाठी नव्हे, दोन विनोदांमधल्या जागेसाठी. बहुतेक मालिका लांबवल्या की पातळ होतात. ही दाट झाली.

तोवर आजोबा जाऊन चार वर्षं झाली होती. लेनर्ड पिअर्स १५ डिसेंबर १९८४ ला वारले, चौथ्या पर्वाचं चित्रीकरण चालू असताना. नवा नट आणून तेच आजोबा पुढे चालवावेत का, हा प्रश्न होताच. सलिव्हनने नकार दिला आणि अंत्यविधीचा भाग लिहिला. २८ फेब्रुवारी १९८५ ला तो दाखवला गेला. त्या भागात विनोद असावा की नाही, असावा तर किती आणि कुठे, हे कोणत्याही लेखकाने वही घेऊन बसून शिकावं.

थडग्यापाशी सगळे उभे. आजोबांची ती कायमची मळकी टोपी दोघे भाऊ प्रेमाने खड्ड्यात सोडतात. थोडा वेळ जाऊ दिलाय. मग पाद्री जवळ येऊन विचारतो, माझी टोपी कोणी पाहिली का? दोघे एकमेकांकडे बघतात. खड्डा बुजवायला सुरुवात झालेली. पुन्हा तेच दुसरं झुंबर: हात प्रेमाने चाललेला, पकडलेली वस्तू चुकीची. हशा येतो, आणि रडू थांबत नाही. रात्री घरी रॉडनी डेलवर भडकतो, की तू तर सगळं विसरून मोकळा झालास. डेलचं उत्तर साधं आहे. विसरणं दूरच राहिलं, मी अजून सुरुवातच केलेली नाही, कारण कशी करतात ते मला माहीत नाही. पोरवयात घर अंगावर पडलेला माणूस दुसरं काय बोलणार?

त्याच भागात आजोबांचा भाऊ अल्बर्ट घरात शिरतो आणि राहतोच. पांढऱ्या दाढीचा, दर वाक्याला युद्धातल्या नौदलाची आठवण काढणारा. हे काम मिळालं बस्टर मेरिफील्डला. हा माणूस बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेला, हौशी नट. अशी निवड कागदावर वेडगळ वाटते. पडद्यावर तो असा बसला की पुढे कित्येकांना आजोबा कधी होते हेच आठवेना.

ट्रिगर रस्ते झाडणारा. १९९६ सालच्या एका भागात नगरपालिका त्याचा सत्कार करते, कारण वीस वर्षं त्याने एकच झाडू वापरला. त्याचा खराटा सतरा वेळा बदलला आणि दांडा चौदा वेळा, एवढंच. एकेक करून सगळ्या फळ्या बदलल्या तरी जहाज तेच राहतं का, हे तत्त्वज्ञानातलं ‘थीसियसचं जहाज’ समजावताना ब्रिटनमध्ये आता हाच झाडू पुढे करतात. मालिकेचंही तसंच झालं. आजोबा बदलले, शीर्षकगीत बदललं, भागाची लांबी बदलली, व्हॅन तर कित्येक झाल्या. बाहेरून दिसणारी इमारत आधी पश्चिम लंडनमधल्या ॲक्टनची होती, नंतर थेट ब्रिस्टलची. पेकममध्ये चित्रीकरण जवळपास झालंच नाही. झाडू मात्र तोच.

वास्तवाने या मालिकेची नक्कल केल्याचंही एक उदाहरण आहे. १९९२ च्या नाताळच्या भागात डेल नळाचं पाणी बाटल्यांत भरतो आणि ‘पेकम स्प्रिंग’ म्हणून झऱ्याच्या पाण्याच्या भावाने विकतो. धंदा तुफान चालतो. शेवटी रात्रीच्या अंधारात त्याच्या उशाशी ठेवलेली बाटली चमकायला लागते, कारण नको असलेली रसायनांची पिंपं त्यानेच हलवलेली असतात, आणि ती पोचलेली असतात पाण्याच्या साठ्यात. २००४ साली कोका-कोलाने ब्रिटनमध्ये ‘दासानी’ नावाचं बाटलीबंद पाणी आणलं. पाणी आग्नेय लंडनमधल्या सिडकपच्या नळाचं, शुद्ध केलेलं. वर्तमानपत्रांना पेकम स्प्रिंग आठवायला वेळ लागला नाही. पुढे जे झालं ते सलिव्हननेही लिहायचं टाळलं असतं. कायद्याने पाण्यात कॅल्शियम लागतं, म्हणून कॅल्शियम क्लोराइड घातलं. त्यात ब्रोमाइड होतं. निर्जंतुक करायला ओझोन सोडला, त्याने ब्रोमाइडचं ब्रोमेट केलं, आणि ते लिटरला दहा मायक्रोग्रॅमच्या मर्यादेबाहेर गेलं. मार्चमध्ये सुमारे पाच लाख बाटल्या बाजारातून परत घेतल्या. स्वच्छ करायला गेलं आणि तेच बाधलं. सगळ्या पायऱ्या बरोबर, फक्त एका बोल्टकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

मालिका इंग्लंडबाहेर गेली ती कुठे, हे बघण्यासारखं आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये तिची आवृत्ती काढायचा प्रयत्न नमुन्याच्या भागापुढे सरकला नाही. उलट सर्बिया-क्रोएशियात मूळ मालिकाच ‘मुच्के’ नावाने घराघरांत पोचली आणि अजून बघितली जाते. नव्वदच्या दशकात सर्बियावर निर्बंध होते. बेलग्रेडच्या फुटपाथवर प्लास्टिकच्या डब्यांतून पेट्रोल विकलं जात होतं, आणि काल इंजिनिअर असलेला माणूस आज सिगारेटचे खोके घेऊन उभा होता. त्यांना डेल बॉय समजावून सांगावा लागला नसणार. मला वाटतं, जिथे पगार हा घरखर्चाचा एक भागच असतो आणि उरलेलं कुठून तरी जमवायचं असतं, तिथे ही मालिका भाषांतराशिवाय कळते.

डोळे झाकून कौतुक करण्यासारखी मात्र ती नाही. सुरुवातीच्या पर्वांत आशियाई दुकानदारांसाठी आणि इतरांसाठी जे शब्द सहज येतात ते आज कानाला बोचतात; पुनर्प्रक्षेपणात त्यातले काही कापले जातात. तेव्हा लोक असंच बोलायचे, हे खरं. पण ज्यांना उद्देशून बोलायचे ते दुकानदार मालिकेत माणूस म्हणून फारसे दिसत नाहीत, हेही खरं. डेलचा कृष्णवर्णीय मित्र डेंझिल याच्यासारखा एखादा सोडला तर हे पेकम बरंच गोरं आहे, प्रत्यक्षातलं तसं नव्हतं. बायकांचं तर सात वर्षं काहीच चाललं नाही. मेलेली आई हीच घरातली मुख्य स्त्री, तिचं थडगंही सगळ्या दफनभूमीत भपकेबाज. डेलचा मित्र बॉयसी याची बायको मार्लीन १९८५ मध्ये आली, डेलची जोडीदार रॅकेल १९८८ च्या नाताळात, रॉडनीची पुढे बायको झालेली कॅसांड्रा १९८९ मध्ये. आणि त्या आल्यावरच दोन्ही भावांना वय झाल्याचं कळलं.

२००१ ते २००३ मधले तीन भाग बघितले नाहीत तरी चालेल. मिळालेला पैसा शेअरबाजारात बुडवून ट्रॉटर कुटुंबाला पुन्हा त्याच फ्लॅटमध्ये आणून बसवायचं, हा व्यवहार होता, गोष्ट नव्हती. खरा शेवट २९ डिसेंबर १९९६ चा. त्या रात्री २ कोटी ४३ लाख लोक टीव्हीसमोर होते, आणि देशाची लोकसंख्या होती पावणेसहा कोटींच्या वर. ज्यांना एकच भाग बघायचाय त्यांनी मात्र हा बघू नये. त्याच्या मागे पंधरा वर्षं टांगलेली आहेत. आधी झुंबराचा, मग टोपीचा, मग हा.

त्यात लिफ्ट आहे. पंधरा वर्षं जिच्या बंद पडण्यावर हशा मिळवला ती लिफ्ट, आत दोघे भाऊ, आणि ती मधेच अडकते. कॅसांड्राचा गर्भपात झालाय. रॉडनी त्याबद्दल कोणाशीही, बायकोशीसुद्धा, अवाक्षर बोललेला नाही. बाहेर जायला वाट नाही म्हटल्यावर हळूहळू बोलतो. सगळं बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात येतं, लिफ्ट बंद पडलेली नाही. ती डेलने अडकवली होती. एक कायम नादुरुस्त वस्तू आयुष्यात पहिल्यांदा बरोबर वेळी नादुरुस्त केली गेली.

मग घड्याळ. गॅरेजमध्ये, पंधरा वर्षांच्या न खपलेल्या मालाखाली, एका घरसफाईतून डेलने उचललेलं जुनं खिशातलं घड्याळ पडलेलं असतं. रॅकेलचे वडील जुन्या वस्तूंचे व्यापारी. त्यांची नजर जाते. ते निघतं अठराव्या शतकातल्या जॉन हॅरिसनचं, ज्याने समुद्रात रेखांश काढता येईल असं अचूक घड्याळ बनवलं. हॅरिसनची प्रसिद्ध घड्याळं एक ते पाच क्रमांकांनी ओळखली जातात. सलिव्हनने सहावं बनवलं आणि पेकमच्या गॅरेजमध्ये ठेवलं. लिलावात ते बासष्ट लाख पौंडांना जातं.

पैसे मिळाल्याची बातमी घेऊन दोघे भाऊ व्हॅनमध्ये येऊन बसतात. दारं बंद. कॅमेरा बाहेर, आवाज जवळपास नाही. क्षणभर काहीच होत नाही. मग ती तीन चाकांची फायबरची व्हॅन जागच्या जागी उड्या मारायला लागते, इकडून तिकडे झुलते. आत काय चाललंय ते आपल्याला फक्त स्प्रिंगांवरून कळतं. एवढं मोठं सुख दाखवायला आतून कॅमेरा लावला असता तर दोन नट ओरडताना दिसले असते.

यानंतर मोठं घर येतं, गाड्या येतात. आणि एका संध्याकाळी डेल एकटाच जुन्या फ्लॅटवर येतो. खोल्या रिकाम्या. जुने आवाज त्याला ऐकू येतात. फोन अजून कापलेला नाही, आणि तो वाजतो. पलीकडे कोणीतरी माल घेऊन आलाय, स्वस्तात जातोय म्हणतो. डेलचा आवाज बदलतो, पाठ ताठ होते. किती नग, कोणत्या अवस्थेत, भाव काय, सगळं विचारून होतं, आणि बोलता बोलता तो गप्प होतो. हातात रिसीव्हर तसाच.